पन्नास फुटांची पट्टी

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मी बेसॉल्टच्या धाग्यांनी विणलेली, दोन इंच रुंद आणि पन्नास फूट लांब अशी उष्णतारोधक पट्टी मागवली. ती तपकिरी-सोनेरी गुंडाळी घरी आली तेव्हा धुळ्यात पारा ४२ अंशांवर पोहोचला होता, आणि येत्या रविवारी गाडीच्या एक्झॉस्ट हेडरला, म्हणजे इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या जुडग्याला, ती गुंडाळायची, हे माझ्या मनात पक्के झाले होते. स्टीलचे पट्टे, जाड हातमोजे आणि पट्टी भिजवण्यासाठी बादली, अशी सगळी तयारी मी करून ठेवली होती. प्रत्यक्षात ती गुंडाळी जवळजवळ दोन महिने कपाटावर पडून राहिली, आणि त्या दोन महिन्यांत मी एका साध्या वाटणाऱ्या प्रश्नाभोवती फिरत राहिलो. हेडर गुंडाळावा, की उघडा ठेवावा?

माझी गाडी २००२ सालची होंडा सिटी व्हीटेक आहे. १४९३ घनसेंटिमीटरचे, सोळा झडपांचे आणि १०६ अश्वशक्तीचे ते इंजिन २००० साली आपल्याकडे आले, तेव्हा एवढ्या हलक्या गाडीत एवढी ताकद ही अपूर्वाईची गोष्ट होती. आजही ती गाडी जपणारे लोक त्या इंजिनाच्या वरच्या फेऱ्यांतील आवाजाबद्दल हळुवारपणे बोलतात. मूळ गाडीला बिडाचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड असतो. तो जड, टिकाऊ आणि अरुंद असतो, आणि त्याच्यावर पत्र्याचे एक हीट शील्ड, म्हणजे धग अडवणारे आवरण, बसवलेले असते. गेल्या दिवाळीनंतर मी तो काढून त्या जागी स्टेनलेस स्टीलचा हेडर बसवला. चार नळ्या, त्यांच्या दोन, आणि दोनांची एक, अशी त्याची रचना आहे. इंजिनाचा प्रज्वलनक्रम एक-तीन-चार-दोन असल्याने पहिली व चौथी आणि दुसरी व तिसरी अशा जोड्या लावल्या, की प्रत्येक जोडीतील दोन धक्क्यांमध्ये क्रँकच्या, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या दांड्याच्या, एका पूर्ण फेरीचे अंतर राहते आणि एका सिलिंडरचा धूर दुसऱ्याच्या वाटेत येत नाही.

हा हेडर कोणत्याही मोठ्या शहरातून आलेला नाही. धुळ्यात दुधाच्या टाक्या आणि नळ्यांची कामे करणारे एक फॅब्रिकेटर आहेत, ज्यांना सगळे नाना म्हणतात. दूध ज्या नळीतून जाते तिच्या आत जोडाचा खरबरीतपणा राहून चालत नाही, कारण तिथे दूध नासते. त्यामुळे आर्गन वेल्डिंग करताना नळीच्या आतूनही आर्गन वायू सोडावा लागतो. तसे केले नाही, तर जोडाच्या मागच्या बाजूने धातू हवेशी जळून फुलतो आणि काळा, दाणेदार होतो. नानांचा हात या कामात तीस वर्षे बसलेला आहे. दीड मिलिमीटर जाडीची ३०४ प्रतीची नळी त्यांनी बाक देऊन, तिरकी कापून, पुन्हा जोडून असा हेडर तयार केला, की तो बसवल्यावर मी कितीतरी वेळ बॉनेट उघडे ठेवून नुसता पाहत उभा होतो.

अडचण त्याच्या जागेची होती. या इंजिनात एक्झॉस्टची बाजू पुढे, रेडिएटरकडे तोंड करून असते. म्हणजे रेडिएटर, त्याच्यामागे पंखे आणि पंख्यांचे प्लास्टिकचे आवरण, आणि तिथून वीतभर अंतरावर चार तापलेल्या नळ्या. मूळ मॅनिफोल्डवर शील्ड होते. नव्या हेडरचा आकार वेगळा असल्याने ते शील्ड बसले नाही, आणि हिवाळ्यात त्याची उणीव जाणवलीही नाही. मार्च संपता संपता ती जाणवू लागली. सुरत–भुसावळ मार्गावरच्या एका रेल्वे फाटकावर दुपारी दीड वाजता मालगाडीची वाट पाहत थांबलो असताना पंखा सुरू झाला तो बंदच होईना, एसीतून कोमट वारा येऊ लागला, आणि नेहमी मध्याच्या खाली राहणारा तापमानाचा काटा मध्य ओलांडून वर सरकला. फाटक उघडून गाडी वेगात आल्यावर काटा खाली आला. पण घरी येऊन बॉनेट उघडले तेव्हा पंख्याच्या वायरवरचे प्लास्टिक हेडरच्या बाजूने चकचकीत झालेले दिसले. प्लास्टिक वितळण्याआधी असेच चमकते.

खान्देशातल्या उन्हाळ्याबद्दल बाहेरचे लोक बोलतात तेव्हा ते माणसांच्या हालाबद्दल बोलतात. रेडिएटरचे हाल मात्र एका साध्या वजाबाकीत मावतात. इंजिनातले पाणी ९० अंशांवर आहे असे धरले, तर जानेवारीच्या सकाळी २० अंशांच्या हवेशी त्याचा फरक ७० अंशांचा असतो. मे महिन्यातल्या दुपारी ४५ अंशांच्या हवेशी तो ४५ अंशांचाच उरतो. रेडिएटर जितकी उष्णता बाहेर टाकतो ती ढोबळमानाने या फरकाच्या प्रमाणात असते. म्हणजे तोच रेडिएटर, तोच पंखा आणि तेच पाणी असताना उन्हाळ्यात त्याची एक तृतीयांशाहून अधिक क्षमता निव्वळ हवेमुळे जाते. त्यात रेडिएटरच्या पुढे एसीचा कंडेन्सर आपली उष्णता ओतत असतो. अशा वेळी मागून चार नळ्यांनी पंख्याच्या आवरणावर भट्टीसारखी धग धरणे हा जुलूमच होता, आणि मला तो थांबवायचा होता.

पट्टी त्यासाठीच असते. तापलेल्या वस्तूतून बाहेर पडणारे प्रारण तिच्या निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घातावर चालते, त्यामुळे पृष्ठभागाचे तापमान थोडे उतरले तरी धग पुष्कळ उतरते. ६०० अंशांचा पृष्ठभाग ३०० अंशांवर आणला, तर त्याचे प्रारण पाचपटींहूनही अधिक घटते. प्रत्यक्षात एवढा पूर्ण लाभ मिळत नाही, कारण चकचकीत स्टील त्याच तापमानाच्या खडबडीत, गडद कापडापेक्षा कमी प्रारण करते. तरीही गुंडाळलेल्या नळीजवळ हात नेला तर फरक ताबडतोब कळतो. जिथे इंजिनाभोवती जागाच नसते आणि एका दिवसाची शर्यत संपल्यावर सगळे उलगडून तपासले जाते, तिथे ही पट्टी लोक निःशंकपणे वापरतात, आणि त्यांचे बरोबरच असते.

धगीइतकेच मोह घालणारे दुसरे कारण ताकदीचे आहे. धूर नळीत गरम राहिला तर त्याची घनता कमी राहते, वेग टिकतो, आणि वेगाने गेलेला धूर आपल्यामागे पुढच्या सिलिंडरमधला उरलासुरला धूर ओढून घेतो, असे सांगितले जाते. हे खोटे नाही. पण मी कागद घेऊन बसलो, तेव्हा त्याचे माप लहान निघाले. हेडरच्या नळीची लांबी ही दाबाच्या लाटेसाठी जुळवलेली असते. झडप उघडताच निघालेली लाट नळीच्या टोकाशी परावर्तित होऊन योग्य क्षणी परत यावी, यावर सगळे गणित उभे असते. सुमारे ६०० अंशांच्या धुरात ध्वनीचा वेग सेकंदाला ५८० मीटरच्या आसपास असतो. पट्टीमुळे धूर आणखी ५० अंशांनी गरम राहिला असे मानले, तर तो वेग जेमतेम तीन टक्क्यांनी वाढतो. म्हणजे जो लाभ मिनिटाला ५००० फेऱ्यांवर मिळत होता, तो ५१५० फेऱ्यांवर सरकतो. चाळीसगावहून कन्नडकडे औट्रम घाट चढताना माझ्या उजव्या पायाला तो फरक कळणार नाही, हे मी स्वतःशी मान्य केले. उलट मे महिन्यातील ४५ अंशांची हवा हिवाळ्यातल्या १५ अंशांच्या हवेपेक्षा नऊ टक्क्यांनी विरळ असते, आणि तो तोटा कोणतीही पट्टी भरून काढत नाही. या गाडीत हवा आत घेणारा मॅनिफोल्ड मागे, डॅशबोर्डच्या बाजूला असल्याने हेडरच्या धगीशी त्याचा संबंधही थोडाच. ताकदीचे कारण मी तिथेच सोडले. धगीचे उरले.

एक गोष्ट मात्र या सगळ्या हिशेबाच्या बाहेरची होती, आणि तिनेच मला ही पट्टी मागवायला लावली होती, हे सांगायला हवे. ती बेसॉल्टची आहे. काळा दगड १४०० अंशांच्या वर वितळवून त्याचे केसाहून बारीक तंतू ओढतात आणि ते विणतात. धुळ्याहून दक्षिणेला निघाले, की लळिंगचा किल्ला ज्या डोंगरावर उभा आहे तो याच दगडाचा. धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत शेतांमधून, टेकड्यांमधून मैलोन्मैल सरळ धावणाऱ्या काळ्या भिंती, ज्यांना भूशास्त्रात डाइक म्हणतात, त्याही याच दगडाच्या. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून वर चढलेला लाव्हा त्या भेगांतच थिजला, आणि भोवतीचा खडक झिजल्यावर भिंत उरली. ज्या भूमीवर माझी गाडी तापते त्या भूमीच्या दगडाचेच वस्त्र तिच्या हेडरला पांघरावे, यात मला एक जुळून आलेपण वाटत होते. ते अजूनही वाटते. पण जुळून आलेपण हे नळीच्या धातूला समजत नाही.

धातूची बाजू मला माझ्या मामांनी दाखवली. मामा भुसावळला राहतात. दीपनगरच्या औष्णिक वीजकेंद्रात त्यांनी आयुष्यभर लॅगिंगच्या कामावर देखरेख केली. म्हणजे वाफेच्या नळ्यांना खनिज लोकर बांधायची आणि तिच्यावर ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे आवरण चढवायचे. तिथल्या मुख्य नळ्यांतून सुमारे ५४० अंशांची वाफ जाते. माझ्या हेडरच्या तापमानाशी हा आकडा जवळचा, म्हणून मी मोठ्या अपेक्षेने त्यांच्याकडे गेलो. त्यांनी पट्टीचा तुकडा बोटांत घेऊन चोळला, उजेडात धरला, आणि पहिला प्रश्न विचारला, “नळी कशाची आहे, आणि किती जाड?”

मी सांगितले. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी जे समजावले, ते मी माझ्या शब्दांत लिहितो. वीजकेंद्रात लॅगिंग नंतर सुचलेली गोष्ट नसते. नळी अंगावर लोकर घेऊनच जगणार आहे, हे आधी ठरते, आणि मग त्या तापमानाला वर्षानुवर्षे टिकेल असे क्रोमियम आणि मॉलिब्डेनम घातलेले जाड पोलाद तिच्यासाठी निवडले जाते. ती तापून लांब होणार, म्हणून तिला स्प्रिंगांवर लटकवतात. मोठ्या दुरुस्तीच्या वेळी ठरावीक जागांचे लॅगिंग काढून जोड तपासतात, कारण लोकरीखाली ओल शिरली तर बाहेरून चकचकीत दिसणारी नळी आतून गंजत जाते, आणि हा गंज तिथल्या लोकांच्या झोपा उडवणारा असतो. “तुझी नळी उघडी राहणार म्हणून केलेली आहे,” मामा म्हणाले. “ती आतून धुराकडून घेते आणि बाहेर वाऱ्याला देते. या देण्या-घेण्यावर तिचं तापमान ठरतं. तू देण्याचा रस्ता अडवलास, तर ती धुराइतकीच तापेल.”

हे मला आधी कळायला हवे होते. मी आतापर्यंत पट्टीकडे इंजिनाच्या खोलीतल्या बाकीच्या वस्तूंच्या बाजूने पाहत होतो, आणि तिथून ती निव्वळ उपकारक दिसत होती. नळीच्या बाजूने पाहिले, की तीच पट्टी म्हणजे मे महिन्यातल्या दुपारी पांघरलेली गोधडी आहे. उष्णता नाहीशी झालेली नाही. तिचा काही भाग धुराबरोबर मागे सायलेन्सरकडे गेला आणि उरलेला धातूत मुक्कामाला राहिला. अनेक हेडर बनवणारे गुंडाळलेल्या हेडरची हमी देत नाहीत, ते याच कारणासाठी.

३०४ प्रतीच्या स्टीलमध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते, आणि त्याचा न गंजण्याचा सगळा गुण पृष्ठभागावरच्या क्रोमियमच्या अदृश्य थरात असतो. हे स्टील ४५० ते ८५० अंशांच्या दरम्यान बराच काळ राहिले, तर त्यातील कार्बन क्रोमियमला धरून धातूच्या कणांच्या सीमांवर जाऊन बसतो. त्या सीमांलगत क्रोमियम अपुरे पडते, आणि गंजाला आत शिरायला नेमकी तीच वाट मिळते. टायटॅनियम घातलेली ३२१ प्रत यासाठीच वापरतात, पण दुधाच्या नळ्यांच्या दुकानात ती कशाला असेल! उघडा हेडरही या तापमानात जातो, हे मला मान्य आहे. पण तो घाटात जातो आणि सपाटीवर परत येतो. गुंडाळलेला हेडर त्या तापमानात अधिक वेळ बसून राहतो, आणि गाडी बंद केल्यावरही सावकाश थंड होतो. याशिवाय फुगण्याचा प्रश्न आहेच. हे स्टील ६०० अंशांनी तापले, की अर्ध्या मीटरच्या नळीची लांबी पाच मिलिमीटरने वाढते. ही वाढ बाकांनी आणि जोडांनी सोसायची असते, आणि धातू जितका जास्त तापतो तितका तो सोसण्यात दुबळा होतो.

मग पाणी. पावसाळा आपल्याकडे थोडका असला तरी जून ते सप्टेंबर गाडीच्या पुढच्या जाळीतून पाणी थेट रेडिएटर ओलांडून हेडरवर येते, आणि उरलेले आठ महिने मी गाडी बोअरच्या पाण्याने धुतो. त्या पाण्याचे काय होते हे पाहायला कोणत्याही खान्देशी घराच्या खिडकीतला कूलर पुरे आहे. एप्रिलमध्ये बसवलेला वाळ्याचा पडदा जूनपर्यंत पांढरा, टणक आणि चुरचुरीत होतो. पाणी उडून जाते, क्षार मागे राहतो, पुन्हा पाणी येते, पुन्हा क्षार राहतो. पट्टी हा तसाच पडदा असतो, फक्त गरम नळीला घट्ट चिकटलेला. क्षारातील क्लोराइड आणि तापलेले स्टेनलेस स्टील यांचे वैर जुने आहे. त्यातून बारीक खड्डे पडतात आणि ताण असलेल्या जागी चिरा जातात. कुणी म्हणेल की तापलेल्या नळीवर ओल टिकतेच कुठे. चालत्या गाडीत ती टिकत नाही, हे खरे. पण माझी गाडी आठवड्यातले पाच दिवस उभी असते.

तेलाची भीती मात्र मला कोणी शिकवावी लागली नाही. या इंजिनाच्या टॅपेट कव्हरचे, म्हणजे झडपांच्या यंत्रणेवरच्या झाकणाचे, गॅस्केट वय झाल्यावर कडक होते आणि पुढच्या बाजूने तेलाचा एखादा ओघळ सोडते. उघड्या नळीवर पडलेला थेंब धूर सोडून जळून जातो, आणि त्या वासाने मालकाला खबर मिळते. पट्टीवर पडलेला थेंब मुरतो. समईच्या वातीत आणि तेल प्यायलेल्या पट्टीत तत्त्वतः काही फरक नाही, आणि ही वात प्लास्टिकच्या आवरणापासून वीतभर अंतरावर राहणार होती. माझे गॅस्केट मी गेल्याच वर्षी बदलले होते. पुढचे केव्हा गळू लागेल, हे ते आधी सांगणार नव्हते.

एवढे सगळे कळूनही मी निर्णय घेतला नव्हता, याचे कारण दुपारी फाटकावर थांबल्यावर वर चढणारा तो काटा होता. नळीचे आयुष्य थोडे कमी झाले तरी चालेल, इंजिन वाचले पाहिजे, असा विचार मनात येत राही. नळी नाना पुन्हा करून देतील. अतितापाने सिलिंडर हेड वाकडे झालेले इंजिन इतक्या सहज सरळ होत नाही. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात तर मी पट्टी खाली काढून बादलीत पाणीही भरले होते.

त्याच सकाळी गाडी सुरू केली तेव्हा टिकटिक ऐकू आली. शिवणयंत्रासारखी बारीक, वेगवान टिकटिक. मिनिटभराने ती हळूहळू विरली. मला वाटले टॅपेट असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तसेच झाले. थंड असताना आवाज आणि तापल्यावर शांतता, हे टॅपेटपेक्षा एक्झॉस्टच्या गळतीचे लक्षण आहे, कारण धातू फुगला की बारीक फट मिटते. मी बॅटरी घेऊन हेडर वरपासून खालपर्यंत पाहिला. सहा महिन्यांत नळ्यांना रंग चढले होते. इंजिनाजवळ निळा, मग जांभळा, मग तपकिरी, आणि खाली गव्हाच्या पेंढ्यासारखा फिकट पिवळा. चारही नळ्यांवर हे पट्टे जवळजवळ एकाच उंचीवर होते, म्हणजे चारही सिलिंडर सारखे जळत होते. दुसरी आणि तिसरी नळी जिथे एकत्र येतात, तिथल्या जोडाच्या खालच्या बाजूला मात्र काजळीची एक रेघ होती. दोऱ्याएवढी बारीक, बोटाच्या पेराएवढी लांब.

नानांनी हेडर उतरवून ती जागा घासली, तेव्हा काजळीखालची चीर दिसली. त्यांनी नळीच्या तोंडातून आरसा घालून जोडाची आतली बाजू पाहिली आणि काही न बोलता आरसा माझ्या हातात दिला. बाकी सगळे जोड आतून गुळगुळीत होते. हा एक काळा आणि दाणेदार होता. दोन नळ्या तिरक्या मिळतात त्या कोपऱ्यात आर्गन नीट भरला गेला नव्हता. “चूक माझी आहे,” ते म्हणाले, आणि त्यांनी हेडरची तोंडे चिकटपट्टीने बंद करून, आर्गन बराच वेळ आत भरू देऊन तो जोड नव्याने केला. पैसे घेतले नाहीत. मी त्यांना पट्टीबद्दल विचारले, तेव्हा ते अहिराणीत एवढेच म्हणाले, “भाऊ, गरमीले कोंडशी तं ती पाइपलेच खाई.”

त्या दिवशी परत येताना मी एकाच गोष्टीचा विचार करत होतो. ऑक्सिजन सेन्सर माझ्या हेडरवर त्या जोडाच्या खाली आहे. धुराच्या दोन धक्क्यांच्या मध्ये नळीत क्षणभर दाब उतरतो, आणि त्या क्षणी चिरेतून बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला वाटते की मिश्रणात पेट्रोल कमी आहे, आणि संगणक पेट्रोल वाढवतो. चीर वाढत गेली असती, तर गाडी पेट्रोल पीत राहिली असती, आणि मी प्लग, फिल्टर, इंजेक्टर असे सगळे बदलून पाहिले असते. पट्टी गुंडाळलेली असती, तर टिकटिक कापडात दबली असती आणि काजळीची रेघ मला दिसलीच नसती. मामांच्या वीजकेंद्रात लॅगिंग काढून तपासायला माणसे आणि ठरलेली वेळ असते. माझ्याकडे रविवारची सकाळ आणि एक बॅटरी आहे. नळी उघडी राहिली तरच या दोन गोष्टींचा उपयोग होतो.

हेडर न गुंडाळण्याचे ठरले, तरी धगीचे काम बाकीच होते, आणि ते मी नानांकडूनच करून घेतले. मूळ गाडीत जे होते तेच पुन्हा आणायचे होते. ॲल्युमिनियमचा मुलामा असलेल्या पत्र्याचे दोन थर, त्यांच्यामध्ये सुमारे एक सेंटिमीटर मोकळी जागा, आणि हेडर व पंख्यांच्या मध्ये उभे राहील असे त्या आकाराचे शील्ड त्यांनी ठोकून दिले. ते हेडरला कुठेही टेकत नाही. इंजिनाच्या ठोकळ्यावर तीन बोल्टांनी उभे आहे, आणि चार मिनिटांत निघते. दोन पत्र्यांमधून हवा वर वाहते आणि पहिल्या पत्र्याने घेतलेली उष्णता सोबत नेते. आपल्याकडची जुनी धाब्याची घरे जाड मातीने ऊन अडवतात. शील्ड ते पातळ पत्र्याने आणि मोकळ्या हवेने अडवते, म्हणून त्याला वजन लागत नाही. पंख्याची वायर आणि जवळून जाणारी एक रबरी नळी यांच्यावर मी चंदेरी आवरणाची काचतंतूची नळी चढवली. सिरॅमिकचा लेप देण्याचा विचारही मी केला होता, आणि नवा हेडर असता तर तो आधी दिला असता. पण वापरलेल्या नळ्या आतून-बाहेरून वाळूच्या फवाऱ्याने स्वच्छ केल्याशिवाय तो नीट धरत नाही, आणि त्या लेपाखाली नवा जोड मला इतक्यात झाकायचा नव्हता.

शील्डचा परिणाम मोजायला मी लेझरचा तापमापक घेऊन गेलो होतो, आणि त्याने चकचकीत स्टीलवर अशक्य वाटावे इतके कमी आकडे दाखवले. चकचकीत धातूवर तो असाच चुकतो, हे नंतर लक्षात आले. तेव्हा मी हाताचा आणि काट्याचा भरवसा धरला. मे महिन्याच्या शेवटी, त्याच फाटकावर, जवळजवळ त्याच वेळी, एसी चालू ठेवून मी मुद्दाम जाऊन थांबलो. पंखा सुरू झाला, थोड्या वेळाने बंद झाला, पुन्हा सुरू झाला. काटा मध्याशी गेला आणि तिथेच राहिला. एसीतला वारा हिवाळ्यासारखा थंड नव्हता, पण कोमटही नव्हता. पट्टीने यापेक्षा अधिक धग अडवली असती, हे मी नाकारत नाही.

पट्टी नानांनी मागून घेतली. त्यांच्या कारखान्यातल्या डिझेल जनरेटरचा धुराचा पाइप खांद्याच्या उंचीवरून पत्र्याच्या भिंतीबाहेर जातो. तो जाड, सरळ, कायम कोरडा आहे, आणि त्याला चुकून टेकून कामावरच्या मुलांचे दंड भाजत असत. आम्ही दोघांनी ती पट्टी बादलीत भिजवली, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर पाव इंच चढवत ओढून ओढून गुंडाळली आणि दर हातभर अंतरावर स्टीलचे पट्टे आवळले. हातमोजे असूनही मनगटांना दोन दिवस खाज होती. जनरेटर पहिल्यांदा चालवला तेव्हा पट्टीतून पांढरा धूर निघाला, अर्ध्या तासाने थांबला, आणि त्यानंतर एका मुलाने पाइपवर हात ठेवायचे धाडस केले, ते मी थांबवले.

दर रविवारी सकाळी, इंजिन थंड असताना, मी शील्डचे तीन बोल्ट काढतो आणि बॅटरीच्या उजेडात दुसऱ्या-तिसऱ्या नळीचा जोड पाहतो. नव्या जोडावर आता पेंढ्याचा पिवळा रंग चढू लागला आहे. काजळी नाही.